खासदार कुठल्या समितीवर आहेत? संसदेत आपला विषय नेऊ पाहणाऱ्या नवख्यांसाठी

‘आपले खासदार संसदेत बोलतात का?’ हा प्रश्न कोल्हापुरात मिरजकर तिकटीला चहा पिताना, शिरोळच्या एसटीत, उसाच्या फडावर, कुठेही कानावर पडतो. ‘ते कुठल्या समितीवर आहेत?’ असं मात्र सहसा कुणी विचारत नाही. माझ्या मते हा दुसरा प्रश्न जास्त कामाचा आहे, आणि तो विचारता यावा म्हणूनच हे लिहितो आहे.

आम्ही काही जण रविवारी सकाळी एकत्र बसून संसदेचे अहवाल वाचतो. स्पर्धा परीक्षा देणारी मुलं-मुली असतात, इचलकरंजीचे एक-दोन यंत्रमागधारक, ऊसकरी शेतकरी, निवृत्त शिक्षक. नवीन माणूस आला की पहिले दोन-तीन रविवार त्याचा गोंधळ उडतो, कारण शब्द ओळखीचे असतात पण अर्थ वेगळे. ‘स्थायी समिती’ म्हटलं की टेंडरं मंजूर करणारी महापालिकेची समिती डोळ्यांपुढे येते. ‘सभापती’ म्हटलं की पंचायत समितीचा. संसदेत हे दोन्ही शब्द वेगळ्याच गोष्टींसाठी वापरतात.

पहिलं काम: आपली माणसं कोण ते पक्कं करा

लोकसभेच्या ५४३ जागांपैकी महाराष्ट्राच्या ४८. आपल्या जिल्ह्यात कोल्हापूर आणि हातकणंगले असे दोन मतदारसंघ. २०२४ साली कोल्हापुरातून शाहू छत्रपती आणि हातकणंगल्यातून धैर्यशील माने निवडून आले. हातकणंगल्यात सांगली जिल्ह्यातले इस्लामपूर आणि शिराळाही येतात. आपलं गाव कुठल्या मतदारसंघात आहे हे तालुक्यावरून ठरवू नका, विधानसभा मतदारसंघावरून बघा. पन्हाळा तालुक्यातली काही गावं करवीर विधानसभेत आहेत आणि काही शाहूवाडीत. म्हणजे एकाच तालुक्याला दोन वेगळे खासदार.

राज्यसभेत महाराष्ट्राचे १९ सदस्य असतात. ते कुठल्या एका मतदारसंघाचे नसतात, सगळ्या राज्याचे असतात, त्यामुळे त्यांच्यातल्या कुणालाही पत्र लिहायचा तुम्हाला हक्क आहे. २०२२ पासून धनंजय महाडिक तिथे आहेत, म्हणजे कोल्हापूरचं एक घर त्याही सभागृहात आहे. ही सगळी नावं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढे प्रत्येकाच्या नावासमोर त्यांची समिती लिहायची आहे.

खुर्चीवर कोण बसतं

लोकसभेच्या खुर्चीवर अध्यक्ष बसतात आणि राज्यसभेच्या खुर्चीवर सभापती. राज्यसभेचे सभापती म्हणजे देशाचे उपराष्ट्रपती. ते त्या सभागृहाचे सदस्य नसतात. लोकसभेचे अध्यक्ष मात्र आपल्यासारख्याच कुठल्यातरी मतदारसंघातून निवडून आलेले खासदार असतात.

नवी लोकसभा भरली की राष्ट्रपती एका सदस्याला हंगामी अध्यक्ष नेमतात. सदस्यांची शपथ त्यांच्यापुढे होते आणि मग साध्या बहुमताने अध्यक्ष निवडले जातात. २०२४ साली २४ जूनला शपथविधी सुरू झाला आणि २६ जूनला ओम बिर्ला आवाजी मतदानाने निवडून आले. ही निवड बहुतेक वेळा एकमताने होते. पण १९५२ सालच्या पहिल्याच निवडीत लढत झाली होती, तीही दोन मराठी नावांमध्ये. एका बाजूला गणेश वासुदेव मावळंकर, दुसऱ्या बाजूला शेतकरी कामगार पक्षाचे शंकर शांताराम मोरे. मावळंकरांना ३९४ मतं पडली आणि विरोधात ५५. हरणार हे ठाऊक असताना ५५ जणांनी ती लढत नोंदवून ठेवली, याचं मला कौतुक वाटतं. शेकापचा लाल बावटा जवळून पाहिलेल्या कोल्हापूरकराला ते वेगळं सांगायला नको.

अध्यक्षांच्या हातात किती गोष्टी असतात ते नीट पाहा. कुणी बोलायचं, कुठला प्रश्न स्वीकारायचा, हे ते ठरवतात. एखादं विधेयक ‘धन विधेयक’, म्हणजे फक्त कर, सरकारी खर्च अशा पैशांच्या बाबींचं, आहे की नाही यावर त्यांचा निर्णय अंतिम असतो, आणि तसं ठरलं की राज्यसभा त्यावर फक्त शिफारसी करू शकते. पक्षांतर केलेल्या सदस्याचं पद राहतं की जातं हेही १९८५ पासून राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीनुसार तेच ठरवतात. समसमान मतं पडली तरच ते स्वतः मत देतात. त्यांना हटवायचं तर १४ दिवसांची नोटीस लागते आणि सभागृहाच्या त्या वेळच्या सगळ्या सदस्यांचं बहुमत लागतं, नुसतं हजर असलेल्यांचं चालत नाही. आपल्या कामाच्या दृष्टीने त्यांचा सर्वांत महत्त्वाचा अधिकार म्हणजे लोकसभेच्या समित्यांचे अध्यक्ष तेच नेमतात.

राज्यघटनेच्या ९३व्या अनुच्छेदात अध्यक्षांबरोबर उपाध्यक्षही निवडायला सांगितलं आहे. तरीही २०१९ ते २०२४ या सतराव्या लोकसभेत ते पद पाचही वर्षं रिकामं राहिलं. मला हे खटकतं. अध्यक्षांच्या गैरहजेरीत सभागृह चालवायला तालिकेवरचे, म्हणजे त्यांनी नेमलेल्या यादीतले सदस्य असतात, जास्तीत जास्त दहा. टीव्हीवर खुर्चीत अनोळखी चेहरा दिसला तर तो बहुधा त्यांच्यातला असतो.

बाकांवरचे पुढारी आणि प्रतोद

पंतप्रधान लोकसभेचे सदस्य असतील तर सभागृह नेते तेच. समोरच्या बाजूला विरोधी पक्षनेता. १९७७ च्या कायद्याने या पदाला पगार आणि दर्जा मिळाला. विरोधातल्या सर्वांत मोठ्या पक्षाच्या नेत्याला ते मिळतं, पण त्या पक्षाकडे एक दशांश, म्हणजे ५५ जागा असाव्यात अशी प्रथा पाळली जाते. हा आकडा त्या कायद्यात नाही. २०१४ आणि २०१९ साली कुठल्याच विरोधी पक्षाला तेवढ्या जागा मिळाल्या नाहीत, म्हणून दहा वर्षं लोकसभेत विरोधी पक्षनेताच नव्हता. २०२४ मध्ये राहुल गांधी झाले. यशवंतराव चव्हाण १९७७-७८ मध्ये आणि शरद पवार १९९८-९९ मध्ये या पदावर होते.

प्रत्येक पक्षाचा प्रतोद असतो. तो व्हिप, म्हणजे पक्षादेश काढतो. आदेशाविरुद्ध मत दिलं तर खासदारकी जाऊ शकते. त्यामुळे सभागृहात खासदाराचं मत बहुतेक वेळा पक्षाचंच असतं. समितीच्या बैठकीत मात्र पक्षादेश निघत नाही आणि ती बैठक बंद दाराआड होते, कॅमेरे नसतात. सभागृहात एकमेकांवर तुटून पडणारे दोन सदस्य समितीत शेजारी बसून एकाच अधिकाऱ्याला घाम फोडताना दिसतात, आणि शेवटी एकाच अहवालावर दोघांची संमती असते. समित्यांकडे लक्ष द्या असं मी म्हणतो ते यासाठी.

वेळ कोण वाटतो

कुठल्या विधेयकाला किती तास द्यायचे हे कामकाज सल्लागार समिती सुचवते. लोकसभेत तिच्यात १५ सदस्य असतात आणि अध्यक्ष स्वतः तिचे प्रमुख. त्या वेळेत पक्षांना त्यांच्या संख्येप्रमाणे मिनिटं मिळतात. छोट्या पक्षाच्या खासदाराला दोन-तीन मिनिटांत का उरकावं लागतं, त्याचं कारण हे.

अर्थसंकल्पाच्या वेळी ही टंचाई सर्वांत जास्त जाणवते. सहकारी कारखान्याची वार्षिक सभा ज्याने पाहिली आहे त्याला हे पटकन कळेल. विषयपत्रिकेवर पंधरा विषय, पहिल्या दोन-तीनवर गदारोळ, आणि मग उरलेले सगळे ‘मंजूर, मंजूर’ म्हणत एका दमात संपतात. संसदेत यालाच गिलोटिन म्हणतात. ठरलेल्या दिवशी, चर्चेला न आलेल्या सगळ्या मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे वर्षाच्या खर्चासाठी मागितलेल्या रकमा, एकदम मतदानाला टाकतात. म्हणजे लाखो कोटी रुपयांवर सभागृहात एक शब्दही न निघता शिक्कामोर्तब होतं. पण त्या मागण्यांची छाननी झालेलीच नसते असं नाही. अर्थसंकल्पी अधिवेशनाला मध्ये काही आठवडे सुट्टी असते आणि त्या काळात समित्या सचिवांना समोर बसवून एकेका योजनेचा हिशेब विचारतात.

समित्या: इथे थोडं थांबा

आर्थिक समित्या तीन. लोकलेखा समिती १९२१ पासून आहे. तिच्यात लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७ असे २२ सदस्य असतात. महालेखापरीक्षकांचे अहवाल हा तिचा कच्चा माल, म्हणजे झालेल्या खर्चाचा पंचनामा. १९६७ पासून तिचा अध्यक्ष विरोधी पक्षाचा असतो. ही नुसती प्रथा आहे, तरी ती टिकली, ही मोठी गोष्ट आहे. अंदाज समिती ३० जणांची, सगळे लोकसभेचे. सार्वजनिक उपक्रम समिती १९६४ पासून सरकारी कंपन्यांचा हिशेब पाहते. तिन्हींवर मंत्री बसू शकत नाही. ज्याचा हिशेब तपासायचा त्यानेच तपासायला बसायचं नाही, एवढं साधं आहे ते.

दुसरा गट विभागीय स्थायी समित्यांचा. तुमचं काम बहुधा इथेच असतं. १९९३ साली १७ समित्या झाल्या, २००४ पासून २४ आहेत. त्यांतल्या १६ लोकसभा अध्यक्षांच्या अखत्यारीत आहेत आणि ८ राज्यसभा सभापतींच्या. प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० असे ३१ सदस्य. मुदत एक वर्षाची, म्हणून दर वर्षी यादी बदलते. २०२४ साली निवडणूक जूनमध्ये संपली तरी या समित्या सप्टेंबरअखेर बनल्या. तुमच्या वहीतलं समितीचं नाव त्यामुळे दर शरद ऋतूत पुन्हा तपासायचं. संसदेच्या संकेतस्थळावर ही यादी सदस्यांच्या नावांसह मिळते.

या समित्या मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या आणि वार्षिक अहवाल तपासतात, त्यांच्याकडे पाठवलेली विधेयकं पाहतात, आणि एखादा विषय स्वतः निवडून त्याचा अभ्यास करतात. रोजच्या कारभारात त्यांनी पडायचं नाही असा नियम आहे. अमुक गावचा रस्ता, तमुक माणसाची पेन्शन हे त्यांच्याकडे नेऊ नका, ते खासदारांच्या कार्यालयाचं काम. आणि महापालिकेची स्थायी समिती खर्च मंजूर करते तसं इथे काही मंजूर होत नाही. ही समिती शिफारस करते. सरकारवर ती बंधनकारक नसते, पण तिला उत्तर द्यावंच लागतं. याच उत्तरावर पुढे आपल्याला काम करायचं आहे.

विधेयकं मात्र समितीकडे जातीलच असं नाही. पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयकं समितीकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत १६ टक्के. हे दोन आकडे मी प्रत्येक नवख्याला पाठ करायला लावतो. विधेयक समितीकडे गेलं नाही तर तुम्हा-आम्हाला त्यावर लेखी म्हणणं मांडायचा दरवाजाच उघडत नाही.

याशिवाय एखाद्या विषयापुरती संयुक्त संसदीय समिती नेमतात. बोफोर्ससाठी १९८७ मध्ये, रोखे घोटाळ्यासाठी १९९२ मध्ये नेमली होती. शीतपेयांतल्या कीटकनाशकांच्या अंशांवर २००३ साली नेमलेल्या समितीचे अध्यक्ष शरद पवार होते. काम संपलं की ही समिती विसर्जित होते.

आपला विषय कुठल्या समितीचा

नवख्यांची सर्वांत मोठी चूक इथे होते. शिरोळ तालुक्यातला एक तरुण ऊसकरी दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे आला, हातात एफआरपीवरचं, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या उसाच्या किमान दरावरचं, सहा पानी निवेदन. वर पत्ता कृषी समितीचा. ऊस शेतीचा, म्हणजे समिती शेतीची, असं कुणालाही वाटेल. पण एफआरपी केंद्रातल्या अन्न आणि सार्वजनिक वितरण विभागाच्या हातात असते, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली. म्हणून तो विषय ग्राहक व्यवहार, अन्न आणि सार्वजनिक वितरण समितीचा. सहकार मंत्रालय मात्र २०२१ मध्ये वेगळं झालं आणि ते कृषी समितीच्या कक्षेत येतं. म्हणजे त्याच कारखान्याचा सहकारी संस्था म्हणून प्रश्न असेल तर पत्ता पुन्हा बदलतो. पहिलं पान बदलून निवेदन गेलं. आतलं एक अक्षर बदलावं लागलं नाही.

इचलकरंजीच्या मागांचे प्रश्न श्रम, वस्त्रोद्योग आणि कौशल्य विकास समितीकडे. कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेमार्ग रेल्वे समितीकडे. विमानतळाचा विषय परिवहन, पर्यटन आणि संस्कृती समितीकडे, आणि कोल्हापुरी चपलेच्या भौगोलिक मानांकनाचा वाणिज्य समितीकडे. या शेवटच्या दोन्ही राज्यसभेच्या अखत्यारीतल्या, त्यामुळे पत्रव्यवहार राज्यसभा सचिवालयाशी करायचा.

पुराचा विषय जरा जपून हाताळावा लागतो. २०१९ आणि २०२१ चं पाणी ज्यांच्या घरात शिरलं ते पहिल्यांदा कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाच्या उंचीबद्दलच लिहितात. त्यांची तळमळ खरी आहे. पण कृष्णा पाणीतंट्याचा लवाद आणि सर्वोच्च न्यायालय यांच्यात अडकलेल्या मुद्द्यावर अर्ज केला तर न्यायप्रविष्ट म्हणून तो बाजूला पडू शकतो. पुराचा अंदाज, धरणांतून पाणी सोडण्याची राज्यांमधली माहिती, नदीपात्राचं सर्वेक्षण हे जलसंसाधन समितीचे सरळ विषय आहेत. याच समितीने ऑगस्ट २०२१ मध्ये, आपल्याकडचा चिखल अजून वाळलाही नव्हता तेव्हा, देशातल्या पूरव्यवस्थापनावर अहवाल दिला होता. पत्र लिहिण्याआधी तो वाचा. समितीने आधीच म्हटलेल्या वाक्याचा आधार घेतलेलं निवेदन जास्त वजनदार होतं.

निवेदन कसं लिहायचं

विधेयक किंवा विषय हाती घेतला की समिती बऱ्याचदा जाहिरात देऊन लोकांकडून लेखी सूचना मागवते. मुदत पुष्कळदा पंधरा दिवसांचीच असते, म्हणून संकेतस्थळ आठवड्यातून एकदा तरी पाहायची सवय ठेवा. सूचना इंग्रजीत किंवा हिंदीत मागतात. आम्ही आधी मराठीत लिहितो, कारण म्हणणं मराठीतच धारदार होतं, आणि मग जाणत्या माणसाकडून भाषांतर करून घेतो.

चार पानांच्या वर जाऊ नका. पहिल्या परिच्छेदात आपण कोण आणि या विषयाशी आपला संबंध काय ते लिहा. विधेयकावर लिहिताना कलमाचा क्रमांक द्या, त्यातले कुठले शब्द अडचणीचे आहेत ते सांगा, आणि त्याजागी कुठले हवेत तेही लिहा. ‘शेतकऱ्यांवर अन्याय होतो’ या वाक्याने सदस्याला काही विचारता येत नाही. ‘बिल चौदा दिवसांत द्यायचा नियम आहे, आमच्या गटातल्या इतक्या जणांना इतक्या दिवसांनी मिळालं, पावत्या जोडल्या आहेत’ या वाक्यावर तो सचिवाला थेट प्रश्न विचारू शकतो. साक्ष द्यायची इच्छा असेल तर तसं स्पष्ट लिहा, बोलावणं येऊ शकतं.

आणि एक खबरदारी. समितीला दिलेलं निवेदन समितीच्या दफ्तराचा भाग होतं आणि ते गोपनीय मानतात. पाठवून झाल्यावर ते फेसबुकवर टाकू नका, पत्रकाराला देऊ नका. तो संसदेच्या विशेषाधिकाराचा भंग ठरू शकतो.

जाहिरात नसेल आणि विषय सार्वजनिक असेल तर विनंती अर्ज समितीचा मार्ग आहे. अर्ज सभागृहाला उद्देशून असतो, शेवटी नेमकी विनंती लागते, पहिल्या सही करणाऱ्याचं पूर्ण नाव-पत्ता लागतो. मराठीत केला तर सोबत सही केलेलं हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. एखाद्या खासदारामार्फत तो सभागृहात मांडता येतो. मंत्र्याने सभागृहात ‘करू’ म्हणून दिलेला शब्द पाळला गेला का, हे पाहायला वेगळी आश्वासन समिती आहे. कोल्हापूरबद्दल मंत्र्याने दिलेलं उत्तर सापडलं तर तारीख लिहून ठेवा.

अहवाल आला, आता पाठपुरावा

अहवाल आला की बातमी येते आणि सगळे विसरतात. खरं काम त्यानंतर सुरू होतं. सरकारने तीन महिन्यांत शिफारशींवर काय केलं ते कळवायचं असतं. त्यावर समिती दुसरा अहवाल काढते, कृती अहवाल. नव्या माणसाला मी आधी हाच वाचायला देतो.

त्याची प्रकरणं ठरलेली असतात. पहिल्यात समितीचं भाष्य. दुसऱ्यात सरकारने मान्य केलेल्या शिफारशी. तिसऱ्यात सरकारचं उत्तर पाहून समितीने सोडून दिलेल्या. चौथ्यात सरकारचं उत्तर समितीला न पटलेल्या. पाचव्यात अंतिम उत्तर अजून न आलेल्या. दुसरं प्रकरण जाड असलं की लोक खूश होतात. घाई करू नका, त्यातली उत्तरं एकेक करून वाचा. ‘शिफारशीची नोंद घेतली आहे’ एवढंच एका ओळीत लिहिलेलं असेल तर पेन्सिलीने खूण करा. त्यात तारीख नाही, रक्कम नाही, अधिकारी नाही. अशा खुणा केलेल्या ओळी हेच तुमच्या पुढच्या पत्राचे मुद्दे.

मग चौथं प्रकरण उघडा. तिथे समिती आणि सरकार यांच्यात खरोखर वाद आहे, आणि समिती तुमच्या बाजूला असेल तर तुमच्या खासदाराला पाठबळ मिळालंच म्हणून समजा. तुमचे खासदार त्या समितीवर नसले तरी हरकत नाही. त्यांना अहवालाचा क्रमांक, परिच्छेदाचा क्रमांक आणि एक प्रश्न एवढंच अर्ध्या पानात लिहून द्या. आमच्या गटातल्या मुलांनी असे अर्ध्या पानाचे कागद तयार करायचा नेम केला आहे. एका कागदावर एकच शिफारस, वर समितीचं नाव, खाली सरकारचं उत्तर जसंच्या तसं. अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की ते कागद तिन्ही खासदारांच्या कार्यालयात नेऊन द्यायचे, पोच घ्यायची, आणि ती वहीत चिकटवायची.